डॉक्टरांचे हात

१८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक सुइणींचा, एक डॉक्टरांचा. बाळंतज्वराने बायका जास्त दगावत त्या डॉक्टरांच्या विभागात! कारण हेरलं सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने: शवविच्छेदन करून मंडळी त्याच हातांनी प्रसूतीला येत. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या सुमारे १८ जणी दगावल्या होत्या; काही महिन्यांत ते प्रमाण दोनच्या आसपास आलं. तरी अनेक वरिष्ठ बिथरले. आपल्याच हातून मरण पसरतं, हे कोणाला ऐकवेल? मला वाटतं, अडचण पाण्याची नव्हतीच, मानाची होती. आजही वॉर्डात ‘हात धुतलेत ना?’ हे आपण सिस्टरना एक वेळ विचारतो. मोठ्या डॉक्टरांसमोर मात्र जीभ रेटत नाही.