केव्हाही

कॉलेजच्या त्या बसचा फोटो तुम्हीही पाहिला असेलच. पुढच्या काचेवर 'औद्योगिक भेट' असा फ्लेक्स, आणि बस गोव्यात, कळंगुटच्या पार्किंगमध्ये. (फ्लेक्सविषयी मला काय वाटतं ते या जागेत बरेचदा लिहून झालंय; आज सोडून देतो.) पोरं समुद्रात डुंबली याचा राग नाही. त्या वयात डुंबावंच. राग आहे तो परतल्यावर लिहिल्या जाणाऱ्या अहवालाचा, त्याखालच्या सहीचा आणि त्यावर मिळणाऱ्या गुणांचा.

खुलासे आले. परवानगी, सुरक्षा वगैरे. ते असो. पण एक सर म्हणाले, ''इथले कारखाने काय, जवळच आहेत. केव्हाही बघता येतात.''

या 'केव्हाही'ला मी चांगला ओळखतो. हा वार कुठल्याच पंचांगात नाही. सातारकर अजिंक्यताऱ्यावर केव्हाही जाऊ शकतो, म्हणून पाव्हणे आल्याशिवाय जात नाही. सांगलीकराचं हरिपूर तसंच, आणि कारखानेही. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला, लोखंडी नांगर काढले. किर्लोस्करवाडी आजही चालू आहे, दारात रेल्वे स्टेशन आहे. बघू की, केव्हाही! पदवी होते, नोकरी लागते, माणूस निवृत्त होतो, 'केव्हाही' काही उजाडत नाही.

माझी भाची कराडची. सध्या तैवानात शिन्चूला शिकते. गाव चिपांचं, पण काचेचंही जुनं. 1999 पासून तिथं काचेचं संग्रहालय आहे. तिकडे कितीतरी कारखाने पाहुण्यांना रीतसर दार उघडतात. तिला शिक्षकांनी काच फुंकायला नेलं. नळीच्या टोकाला पाकासारखा लालभडक गोळा. फुंकलं की फुगतो, हात थांबला की एका अंगाला लोंबतो, म्हणून नळी सतत फिरवत राहायची. व्हिडिओखाली तिनं विचारलं, ''मामा, आपल्याकडे असं कुठं होतं का?''

पुण्याला जाताना ही मुलगी ज्या कराड स्टेशनावर गाडीत चढायची, ते स्टेशन ओगलेवाडीत आहे. ओगले बंधूंनी 1916 मध्ये तिथंच काच कारखाना काढला. पुढं त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. तिच्या पणजीच्या ओसरीवरही तोच होता. तिच्या कॉलेजचीही औद्योगिक भेट झाली होती म्हणे. महाबळेश्वरला. स्ट्रॉबेरी खाल्ली.

तिला कुठल्या तोंडानं बोलू? मिरजेत तीस वर्षं चहा पितोय (हल्ली कागदी कपात देतात, तो राग पुढच्या आठवड्यात), पण वाळल्या भोपळ्याची सतार कशी होते ते बघायला सतारमेकर गल्लीत शिरलो 2024 मध्ये, मिरजेच्या सतारीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची बातमी वाचून.

तेव्हा सर, बस खुशाल गोव्याला न्या. फ्लेक्सवर तेवढं 'सहल' लिहा. आणि ओगलेवाडीचा तो काच कारखाना बंद पडून जमाना झाला. तो आता केव्हाही बघता येत नाही.