सातशे ग्रॅम आणि बाकीचे

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलेली माणसे राखेतून अस्थी वेचून घेतात आणि उरलेली रक्षा नदीत सोडतात. महाराष्ट्रातल्या काही गावांत अलीकडे ही शेवटची पायरी बदलली आहे. रक्षा पाटीत भरून शेतावर नेतात, बांधाशी खड्डा खणून त्यात ओततात आणि वर आंब्याचे नाहीतर नारळाचे रोप लावतात. नदी घाण होऊ नये, हे एक कारण. दुसरे त्याहून खोलातले: ज्या मातीने देह पोसला, तिचे तिला परत द्यावे. सगळ्याच जाणत्यांना हे पटत नाही. रक्षा वाहत्या पाण्यात गेली नाही तर गेलेल्याला गती कशी मिळणार, असे ते कळवळून विचारतात. या वादाच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे. माणूस मातीचे नेमके काय घेतो, आणि ते फेडायचे कधी?

देह जळताना त्यातला कार्बन आणि नायट्रोजन हवेत जातो. मागे उरते ते मुख्यतः हाडांचे कॅल्शियम फॉस्फेट. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो आणि त्यातला जवळजवळ ८५ टक्के हाडांत व दातांत. नायट्रोजनाची भरपाई तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतून करू शकतात. फॉस्फरसाला ती वाट नाही. तो खडकातून येतो, आणि खडक झिजून त्याची माती व्हायला युगे लागतात. तो कमी पडला की मुळे खुरटतात, दाणा नीट भरत नाही. भारताला लागणारा फॉस्फेट खडक बहुतांशी बाहेरून, मोरोक्को आणि जॉर्डनसारख्या देशांतून येतो.

पण रक्षा टाकली की जमीन सुपीक झाली, असेही नाही. चुनखडीच्या काळ्या रानात हाडांचे फॉस्फेट जेमतेम विरघळते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ते विरघळते खरे, पण तिथले लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात. रोपाच्या वाट्याला येते ते थोडे आणि सावकाश.

शिवाय हिशेब मांडला की श्रद्धा आणि रसायन दोघांनाही थबकावे लागते. क्विंटलभर ज्वारीत साधारण ३०० ग्रॅम फॉस्फरस असतो, म्हणजे मेल्यावर मातीला परत मिळते ते दोन-अडीच क्विंटल धान्यातले. प्रौढाच्या शरीरातून रोज ग्रॅम-दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक लघवीवाटे. दोनेक वर्षांतच चितेवरच्या ७०० ग्रॅमची बरोबरी होते. साठ वर्षांत हा आकडा वीस किलोंच्या वर जातो. हाम्बुर्गच्या हेनिग ब्रांटला १६६९ मध्ये हे मूलद्रव्य सापडले तेही लघवी आटवतानाच. आणि हे सारे धन शहरातल्या गटारातून नदीला, नदीतून समुद्राला मिळते. शेताकडे परत फिरण्याची वाटच तुटली आहे.

ऋण फेडणे हा आपल्याकडे धर्माचा कणा मानला गेला. देव, ऋषी, पितर या तिघांच्या ऋणांची यादी आहे. मातीचे जे सर्वांत मोठे देणे, ते मात्र आपण अमंगळ ठरवलेल्या वस्तूत साठलेले आहे. ती वस्तू उचलणाऱ्यांनाच आपण अस्पृश्य ठरवले. सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांनी माणसांचा अपमान केला आणि जमिनीचेही नुकसान केले. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांना हे उमगले होते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मिळावे म्हणून त्यांनी उपोषण केले आणि गांधीजींनीही त्यांना साथ दिली. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. खतासाठी आसुसलेल्या या जांभ्याच्या मुलखात त्यांनी संडास आणि सोनखत यांचे प्रयोग केले. मैल्याला कुजायला पुरेसा अवधी द्यावा लागतो; तसे न करता घाईने शेतात टाकला तर जंतांची अंडी भाजीपाल्यापर्यंत पोचतात. म्हणून खड्डा भरला की तो मातीने झाकून महिनोन्महिने तसाच ठेवायचा. हेच काम शहरांच्या पातळीवर व्हावे म्हणून जर्मनीने २०१७ मध्ये नियम करून मोठ्या शहरांच्या सांडपाणी केंद्रांना २०२९ पासून गाळातला फॉस्फरस परत मिळवण्याचे बंधन घातले. आपल्याकडे असा निर्णय जितका अभियंत्यांचा, तितकाच धर्म सांगणाऱ्यांचाही आहे, कारण इथे अडसर यंत्रांच्या आधी मनात आहे.