ज्ञानदा, गोंदियात

घाई नको. एक नाव मनात घ्या: ज्ञानदा. मोठ्याने म्हणू नका. अक्षरं नुसती डोळ्यांसमोर असू द्या.

आता ओठ न हलवता म्हणा आणि जीभ कुठे जाते ते पाहा. घरची भाषा मराठी असेल, तर टोक वरच्या दातांच्या मागे टेकलं असेल, तो ‘द’. तिथून न हलता आवाज नाकातून निघाला, तो ‘न’. मग जीभ सैल होऊन ‘य’. द्न्यानदा. तीन व्यंजनं एका दमात. लहानग्या जिभेला हे लवकर साधत नाही. मुलगी स्वतःला बरेच दिवस ‘नानदा’ म्हणवून घेईल, घेऊ द्या.

क्षणभर थांबा. हेच नाव आता गोंदियात नेऊ या.

मुंबई–हावडा मार्गावरचं हे जंक्शन. उत्तरेला मध्य प्रदेशातलं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगडातलं राजनांदगाव. बाजारात धानाचा भाव विचारायला सुरुवात मराठीत होते आणि सौदा हिंदीत पटतो. बालाघाटची मावशी बारशाला आली की पाळण्यावर वाकून म्हणणार, ‘ग्यानदा’. तसं म्हणून पाहा. जिभेचं टोक खालीच राहिलं, मागचा भाग उचलला गेला. कागदावर अक्षर तेच आहे, तोंडात मात्र जागा पार बदलली. गुजराती शेजारीण असेल तर ती ‘ग्न’ म्हणेल. आणि संस्कृतातलं मूळ जोडाक्षर ‘ज’ आणि ‘ञ’ यांचं; तसं तर आपण कोणीच म्हणत नाही. म्हणून मावशीला तिथल्या तिथे सुधारायला धावणारे बाप मला आवडत नाहीत. तिचा उच्चार अशुद्ध नाही, तिच्या घरचा आहे.

हे एकट्या ‘ज्ञ’चं नाही. ऋजुता घ्या: मराठीत रुजुता, हिंदीत रिजुता. अर्जुनी मोरगावकडच्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. पाणी तिथे पानी, डोळा तिथे डोरा. शर्वाणी हे नाव तिथल्या आजीच्या तोंडी शर्वानी होणारच. एकेक नाव घेऊन त्या आजीच्या आवाजात ऐका. नाव मोडलं असं वाटतं का? मला ते अंगणात रुळल्यासारखं वाटतं.

नाव दुर्मीळ असावं, वर्गात दुसरी नसावी, ही आजच्या आईबापांची ओढ. अमेरिकेत दरवर्षी नावांची सरकारी यादी निघते आणि पाचपेक्षा कमी बाळांना मिळालेलं नाव तीत येतच नाही. आपल्याकडे टीव्ही हीच यादी. ‘ठिपक्यांची रांगोळी’ मालिकेमुळे अभिनेत्री ज्ञानदा रामतीर्थकर घरोघरी पोचली, तेव्हा हे नावही अनेकांच्या कानांवर पडलं. तरी गोंदियात ते अजून क्वचितच ऐकू येतं. दुर्मीळ नावाची खरी किंमत ती मुलगीच मोजते: शाळेत, बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर, प्रत्येक नव्या माणसाला नाव समजावून सांगत.

आता डोळे मिटा. हाक मारून पाहा, हळू. मग लांबून, जेवायला बोलावल्यासारखी. मग रागाने. शेवटी वर्गातल्या हजेरीसारखी, आडनावासकट. चारही वेळा नाव टिकलं का? कुठे अडखळलात? जिथे अडखळलात तिथे जरा रेंगाळा.

उच्चार कितीही असोत, इंग्रजी स्पेलिंग मात्र एकच ठरवा. डी-एन-वाय की जी-वाय, हे घरी बसून ठरवा. नोंदणीच्या टेबलावर समोरच्याच्या कानावर सोडू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो, आणि दाखल्यावर उमटलेलं अक्षर पुढे सगळीकडे जातं.

बारसं बाराव्या दिवशी झालं, आत्याने कानात नाव सांगितलं, तरी दाखल्यावर ते चढवायला कायदा उसंत देतो. जन्माची नोंद नावाशिवाय होते आणि पुढच्या 12 महिन्यांत नाव घालायला शुल्क पडत नाही. तेवढे महिने ते नाव बालाघाटच्या मावशीच्या आणि अर्जुनीच्या आजीच्या तोंडून ऐका, आणि मगच अर्ज भरा.