मरियम या नावाचा मायना

मागच्या जूनमध्ये एक गृहस्थ चौथीतल्या मुलीचे नाव बदलण्याचा अर्ज घेऊन आमच्याकडे आले. मुलीचे नाव मरियम. नावांच्या कुठल्याशा पुस्तिकेत त्यांनी 'मरियम म्हणजे कडू' असे वाचले होते. "सर, मायनाच खराब असेल तर नाव ठेवायचे कसे?" आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून मायने विचारायला लोक येत असतात. पण या सवालाने आम्हाला अडवले.

पुस्तिका अगदीच खोटी नव्हती. मूळ इब्रानी नाव 'मिर्याम'. बायबलमध्ये ते हजरत मूसांच्या बहिणीचे आहे. कुरआनात ती बहीण येते, तिचे नाव येत नाही. इब्रानीत 'मर' म्हणजे कडू, म्हणून यहुदी परंपरेने या नावात मिसरमधल्या गुलामीचा कडवटपणा वाचला. कोणी त्यात बंडखोरी पाहतात. काही अभ्यासक ते जुन्या मिसरी भाषेतल्या 'प्रिय' अर्थाच्या शब्दापर्यंत नेतात. आपल्याकडच्या काही मुफस्सिरांनी 'इबादत करणारी' असा अर्थ दिला. ईसाईंच्या लॅटिन परंपरेत तर 'समुद्राचा थेंब' होता, त्याचा 'समुद्राचा तारा' झाला. नकलनवीसाच्या एका अक्षराची ही करामत, असे सांगतात.

म्हणून मायन्याला किंमत नाही असे आम्ही म्हणणार नाही. हजरत पैगंबरांनी (स.) एका स्त्रीचे 'आसिया' हे नाव बदलून 'जमीला' ठेवले. (हे 'ऐन'ने लिहिलेले आसिया, म्हणजे नाफरमान, फिरऔनच्या पत्नीचे नाव वेगळे.) हज्न, म्हणजे कठीण, नावाच्या सहाबींना त्यांनी 'सहल' हे नाव सुचवले. बापाने ठेवलेले नाव बदलणार नाही, असे ते म्हणाले. पुढे त्यांचे नातू सईद बिन मुसय्यब सांगत, तो कठीणपणा आमच्या घराण्यात राहिलाच.

पण मरियम हे नाव कोणी बदलले नाही. कुरआनात नावाने उल्लेखलेली स्त्री ही एकच. अठ्ठ्याण्णव आयतींची एक पूर्ण सूरह तिच्या नावाची आहे.

आम्ही हे सांगत होतो, गृहस्थ मान हलवत होते. मग हळूच म्हणाले, "सर, तीन मुली झाल्या. हिच्या पाठीवरही मुलगा नाही. घरात बोलतात, नावच कडू आहे."

तेव्हा आम्हाला आले-इमरान सूरह आठवली. इमरानच्या पत्नीने पोटातले मूल बैतुल मुकद्दसच्या खिदमतीसाठी वाहिले होते. तिला मुलाची अपेक्षा होती, झाली मुलगी. रब्बाला तिने तसे सांगितलेही. पण मुलीला परत पाठीमागे ढकलले नाही. नाव तिनेच ठेवले, आणि तिच्यासाठी व तिच्या औलादीसाठी पनाह मागितली. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात आलेल्या मुलीचे हे नाव आहे!

ज्या नावाने लेकराची मान खाली जाते ते जरूर बदलावे. इथे मान कोणाची खाली जात होती? वर्गातल्या मुली तिला 'मरियम, मरियम' करीत अंगणात ओढून नेतात, हे आम्ही रोज पाहतो. नवे नाव ठेवले आणि मुलगा झालाच नाही, तर ते नावही कडूच ठरणार ना? हे आम्ही त्यांना विचारले.

ते थोडा वेळ गप्प बसले. "अम्मीला सांगून पाहतो," म्हणाले, आणि उठले. अर्ज मात्र टेबलावरच राहिला.