नाव मिळालं, चंदी नाही

गड्यांनो, मोठ्या स्वप्नाचं ओझं नेमकं कुणाच्या पाठीवर असतं? हा सवाल मला सर्व्हान्टिसच्या ‘डॉन क्विक्झोट’नं घातला. स्पेनमधली ही कादंबरी. पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा. लोक तिच्यातल्या पवनचक्क्यांवर हसतात. मी घोड्याकडं बघतो.

घोडा कसला, हाडांचा सापळा! पण धन्याच्या डोक्यात सरदारकीचं वारं शिरलेलं. जगातला अन्याय निवारायला निघायचं, तर घोड्यालाही भारी नाव पाहिजे. चार दिवस डोकं खाजवून त्यानं नाव काढलं, रोसिनान्ते. रोसिन म्हणजे राबणारं तट्टू. आन्ते म्हणजे आधी, आणि पुढंही. आधी तट्टू होतं, आता सगळ्या तट्टांच्या पुढं! नाव बदललं. बरगड्या तशाच. कादंबरीच्या सुरुवातीला एक सुनीत आहे. सीद या वीराचा घोडा बाबिएका त्यात रोसिनान्तेला वाळण्याचं कारण विचारतो. राबणं सुटत नाही नि पोटाला मिळत नाही, असं हा सांगतो.

पवनचक्कीच्या पात्यानं धन्यासंगं घोडाही भिरकावला. त्याआधी एकदा घोडा अडखळला, धनी आपटला, आणि पडल्या पडल्या ओरडला की दोष माझा नाही, घोड्याचा.

आता क्विक्झोट ढोंगी नव्हे. चाबूक खाणाऱ्या पोराला सोडवायला तो मनापासून धावतो. पहिल्यांदा घर सोडतो तेव्हा वाटही घोड्यावरच सोपवतो. मग चुकतं कुठं? वाट घोड्यानं निवडायची. पण निघायचं का, हे घोड्याला कुणी इचारलंच नाही.

सांचो पांझाच्या गाढवाला तर नावसुद्धा नाही. रंगावरनं नुसतं करडं म्हणतात. दुसऱ्या भागात रोसिनान्ते त्याच्या मानेवर मान टाकून तासन्‌तास उभा राहतो. घोडा वरचा, गाढव खालचं, ही उतरंड माणसांची. त्या दोघांना तिचा पत्ताच नाही.

म्हणून मी म्हणतो, ध्येय सच्चं असलं तरी हिशोब तोबऱ्यापासून मांडायचा. नाव फुकट देता येतं. चंदीला खिशात हात घालावा लागतो. सभेच्या सतरंज्या उचलणाऱ्याला ‘कार्यकर्ता’ म्हणून आपण मोकळे होतो, की ठराव करताना त्यालाही इचारतो?