कान्होपात्रेचा प्रश्न



काही महिन्यांपूर्वी एकादशीच्या भजनानंतर आपल्या सुरंगीच्या मंदिरात एक तरुण आमच्याजवळ येऊन बसला. सिल्वासा परिसरातील एका कारखान्यात तो रात्रपाळी करतो. थोडा वेळ स्तब्ध राहून त्याने विचारले, "काका, रोज जातो, राबतो, येतो, झोपतो. पण हे सारे कशासाठी?" आम्ही सहज बोलून गेलो, "अरे, लग्न झाले, संसार मागे लागला, म्हणजे असले प्रश्न पडेनासे होतात." भोवतालची मंडळी हसली. तोही हसला, नमस्कार करून उठला, आणि त्यानंतर भजनास आला नाही.

त्या उत्तराचा सल मनात असतानाच 'संगीत संत कान्होपात्रा' या नाटकाची पदे पुन्हा ऐकण्याचा योग आला. ना. वि. कुलकर्णी यांचे हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. त्यास संगीत मास्टर कृष्णरावांचे. हिंदुस्थानात बोलपट सुरू झाला तो याच वर्षी, आणि नाटकमंडळ्यांचे दिवस फिरू लागले होते. बालगंधर्वांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. तरीही कान्होपात्रेच्या भूमिकेत उभे राहून त्यांनी जी आळवणी केली, तिच्यामुळे नाटकातील अभंग नाट्यगृहातून निघून देवळादेवळांच्या भजनांत जाऊन बसले. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनाही ते असेच कानी पडून पाठ झाले होते. अभंग आम्हांस पाठ होते, परंतु त्यांच्या मागचा प्रश्न आम्ही कधी ऐकला नव्हता.

महिपतींनी 'भक्तविजया'त ही कथा सांगितली आहे. मंगळवेढ्याच्या श्यामा नामक गणिकेची कान्होपात्रा ही कन्या. रूप, कंठ, नृत्य, सारे तिला लाभले होते. तिने कोणते आयुष्य जगावे हे तिच्या जन्मापूर्वीच ठरून गेले होते. आईला ती दुष्ट होती म्हणून नव्हे, तर दुसरी वाट ठाऊकच नव्हती म्हणून, मुलीने त्याच वाटेने जावे असे वाटे. कान्होपात्रेस एवढेच कळत होते की हे माझे नव्हे. आपले काय, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. सज्जनहो, तरुण वयातील ही अवस्था मोठी बिकट असते. जुने घर सुटलेले आणि नवे दिसत नाही! कुरुक्षेत्रावर अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले ते अशाच अवस्थेत. भगवंतांनी त्याचा विषाद हसण्यावारी नेला नाही. त्या विषादापासूनच गीतेचा आरंभ झाला.

अशा वेळी दारावरून पंढरीच्या वाटेने वारकरी चालले होते. तुमचा तो विठ्ठल माझ्यासारखीचा अंगीकार करील काय, असे कान्होपात्रेने त्यांस विचारले. वारकऱ्यांनी तिला कूळ विचारले नाही, उपदेशही केला नाही. करील, असे सांगितले आणि तिला आपल्याबरोबर चालू दिले. पुढे बेदरच्या बादशहाने तिला आणविण्यास शिपाई धाडले, तेव्हा देवाचे एकवार दर्शन घेऊ द्या, एवढेच मागून तिने विठ्ठलचरणी देह ठेवला. पंढरपूरच्या देवळातील तरटीचे झाड तिच्या नावाने आजही दाखवितात. 'सकल संतगाथे'त तिचे २३ अभंग आहेत. मृत्यू हे तिचे ध्येय नव्हते. आपण कोणाचे आहोत हे तिला उमगले होते, आणि मृत्यूच्या भयाने तिने ते सोडले नाही, एवढेच.

परंतु या कथेत आम्हांस आज राहून राहून दिसतो तो वाटेवरचा वारकरी. त्याने त्या घटकेस हसून टाळले असते, तर कान्होपात्रा कोठे गेली असती?

येथे आईबापांच्या मनात भय उभे राहते, हे आम्ही जाणतो. मुलगा असले विचार करू लागला तर नोकरी सोडील, मुलगी घर सोडील, असे वाटते. त्याचे उत्तर आपल्या भूमीनेच दिलेले आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. त्या संग्रामात पस्तीस वर्षांचे संगीतकार सुधीर फडके उतरले होते. लता मंगेशकरांनी या कार्यासाठी पुण्यात गाऊन निधी उभा करून दिला. फडक्यांनी त्यासाठी संगीताचा त्याग केला काय? पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवरून त्यांच्या स्वरांत गीतरामायण घरोघरी पोहोचू लागले. ध्येय सापडले म्हणजे हातातले काम सुटतेच असे नाही. पुष्कळदा तेच काम अधिक निष्ठेने होऊ लागते, कारण ते कोणासाठी करावयाचे हे कळलेले असते.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती एवढीच आहे. घरातील मुलगा अथवा मुलगी असा प्रश्न घेऊन आली, तर लग्न, पगार आणि कर्जाचे हप्ते त्या प्रश्नावर पांघरूण म्हणून घालू नका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा. परंतु त्याच्याजवळ बसा, चार पावले त्याच्यासंगे चाला. वारकऱ्याने तरी याहून अधिक काय केले?

येत्या एकादशीपूर्वी आम्ही त्या तरुणाच्या घरी जाणार आहोत. क्षमा मागणार आहोत, आणि त्याचा प्रश्न या वेळी शेवटपर्यंत ऐकणार आहोत. तेवढे बळ पंढरीनाथाने द्यावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.