उसने शब्द आणि खरा कंठ

आपल्या मुखांतून निघणारे शब्द आपल्याच अंतःकरणांतून निघाले पाहिजेत, नाहीं तर तें ढोंग होय, असें आपण सहज म्हणून जातों. हा नियम कोठवर टिकतो हें पाहण्यासाठीं मी जें उदाहरण घेणार आहें, त्याचें नांव ऐकूनच कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील.

अमेरिकेंत 'मेटलकोअर' नांवाचा एक संगीतप्रकार आहे. त्यांत गायक कडव्यांत कंठ फाटेल अशा आरोळ्या ठोकतो आणि ध्रुवपदांत बहुधा सुरेल गातो. ऐकणारास वाटतें, आरोळींत तरी कृत्रिमता नसावी. वस्तुतः तीही कमवावी लागते. तींत स्वरतंतूंच्या वरच्या ज्या घड्या कामास येतात, त्यांना शरीरशास्त्रानें 'खोटे स्वरतंतू' असेंच नांव दिलें आहे!

मॅसॅच्युसेट्समध्यें १९९९ सालीं निघालेल्या 'किलस्विच एंगेज' या बॅण्डचा पहिला गायक जेसी लीच. २००२ सालच्या 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' या गीतसंग्रहांतील त्याचे शब्द धीराचे व आशेचे आहेत. आणि संग्रह निघाल्यावर थोड्याच दिवसांत, खिन्नतेनें ग्रासलेला व घसा बिघडलेला हा गृहस्थ बॅण्ड सोडून गेला. सोबत्यांना त्यानें तें ई-मेलनें कळविलें, हें मला गैर वाटतें. जाणें गैर वाटत नाहीं. मग ते आशेचे शब्द खोटे होते काय? बुडणारा मनुष्य 'दोर धरा' म्हणून ओरडला आणि स्वतः बुडाला, तर तेवढ्यानें दोर खोटा ठरत नाहीं.

त्याच्या जागीं 'ब्लड हॅज बीन शेड' या बॅण्डचा हॉवर्ड जोन्स आला. सुमारें दहा वर्षें तो स्वतःच्या गाण्यांबरोबर लीचचींही गाणीं गात राहिला. २०१२च्या आरंभीं मधुमेहामुळें तोही बाहेर पडला. मधल्या काळांत 'सीमलेस', 'टाइम्स ऑफ ग्रेस' अशा बॅण्डांतून गायलेला लीच परतला, आणि आतां जोन्सच्या हृदयभंगाचे शब्द लीचच्या मुखीं आले.

खरा पेंच येथें आहे. दुसऱ्याचें दुःख 'मी' म्हणून उच्चारण्याचा अधिकार कोणाचा? अभंगाच्या शेवटीं संताची नाममुद्रा असते, तरी कीर्तनकाराचा कंठ दाटतो व त्यास कोणी ढोंगी म्हणत नाहीं; येथें तर नाममुद्राही नाहीं. मला वाटतें, खरेपणा शब्द कोणीं रचिले यावर नसून, गाणारा त्यांसाठीं काय वेंचतो यावर आहे. लीचच्या स्वरतंतूंवर २०१८ सालीं शस्त्रक्रिया करावी लागली. कोणी म्हणेल, घसा वेतनासाठींही फुटतो. हा आक्षेप मला पुरता खोडतां येत नाहीं.

मात्र २०१९च्या 'अटोनमेण्ट' या संग्रहांत 'द सिग्नल फायर' हें गीत लीच व जोन्स या दोघांनीं मिळून गायिलें आहे. जोन्सचा त्या वेळीं 'लाइट द टॉर्च' हा स्वतःचा निराळा बॅण्ड होता. येण्याचें त्याच्यावर बंधन कांहींच नव्हतें.